आमच्या बांधावरची दुर्मिळ पाखरं

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले असतील. मी नुकताच बी.एस्सी. होऊन भिवंडीतल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. मॅट्रिकपर्यंत गेलेलाही मीच पहिला. हे मी तेव्हा कुणी न विचारताही सांगायचो, आणि अजून सांगतो. त्यात लाजायचं काय?

खोली घेतली होती ती लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला चिकटून असलेल्या चाळीत. भिंतीला पाठ टेकली की लूम पाठीतून चालायचे. रविवारी ते बंद पडले की उलट चुकल्यासारखं व्हायचं. नाक्यावर एक रद्दीवाला होता. मुंबईतल्या मोठ्या घरांची रद्दी त्याच्याकडं गठ्ठ्यांनी यायची, आणि मी शाळेतून परतताना तिथं उकिडवा बसून पुस्तकं चाळायचो. एके दिवशी त्यानंच एक माझ्याकडं फेकलं.

"ले जाओ मास्टर, अंग्रेजी चिड़िया है. तौल में दे दूँगा."

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली पानंही गेलेली. पण आतली रंगीत चित्रं शाबूत होती. इंग्लंडातल्या कुठल्याशा एका जिल्ह्याचं ते पुस्तक. जिल्हा म्हणजे आपलं ठाणे धरा. तिथं क्वचित दिसणारी पाखरं कोणती, ती कुठल्या तळ्यावर, कुठल्या महिन्यात शोधायची, हे कुणा हौशी माणसानं जीव तोडून लिहिलं होतं. अमुक पाखरू दिसलं तर भाग्य समजा, तमुक पाखरू एकदा आलं तेव्हा लांबलांबून लोक दुर्बिणी घेऊन धावले, असं पानोपानी. आमच्या सात पिढ्यांत इंग्रजी पुस्तक घरात आलं ते मी आणलं, म्हणून मी ते पहिल्या ओळीपासून नेटानं वाचायला बसलो.

एक पान उलटलं तर डोक्यावर तुरा असलेलं, लांब चोचीचं पाखरू. मी बघतच राहिलो. हा तर सुतार! म्हणजे पुस्तकी मराठीतला हुदहुद. आमच्या गावात त्याला सुतारच म्हणतात. हिवाळ्यात आमच्या परसात चोचीनं माती उकरत हिंडतो, त्याला कुणी हाकलतही नाही. पुढं गायबगळा. त्याच्या पुढं रातबगळा. आणि मग एका अख्ख्या पानावर पंख पसरून, मोठ्या मानानं छापलेली घार.

मी मोठ्यानं हसलो. शेजारच्या खोलीतला आजमगढकडचा विणकर शिफ्ट संपवून, अंगाखांद्यावर कापसाचे तंतू घेऊन दारात उभा होता.

"क्या हुआ मास्टरजी, चुटकुला लिखा है क्या?"

मी चित्र दाखवलं.

"ये तो चील है."

"हाँ. विलायत में लोग इसको देखने के वास्ते गाड़ी पकड़ के जाते हैं."

त्यानं चित्र नीट निरखलं, मग माझ्याकडं बघितलं. "तो उनको बोलो, कसाईखाने के पीछे आ जाएँ. जितनी माँगता उतनी देख लें."

हे बाला कधी एकदा सांगतो असं मला झालं. बा म्हणजे माझे वडील. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर पुस्तक पिशवीत घालून मी एसटी धरली. आमचं गाव दिघाशीच्या अंगाला. दिवस भादव्याचे, लवकर येणारं हळवं भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला आलेलं. म्हणजे राखणीचे दिवस.

राखण म्हणजे काय ते सांगतो. दाणा भरला की मुनियांचे आणि सुगरणींचे थवे भातावर उतरतात. त्यांना उठवायला शेताच्या मधोमध चार बल्ल्यांवर माळा बांधायचा आणि दिवसभर त्यावर गोफण घेऊन बसायचं. माझा बा गोफणीसाठी पंचक्रोशीत माहीत. त्याचा दगड पाखराला कधी लागायचा नाही. थव्याच्या जरासा पुढं पडायचा, आणि थवा आल्या वाटेनं वळायचा. "पाखराला मारायचं न्हाय," बा म्हणायचा, "त्याला निस्तं कळवायचं, का मी हाय."

आणि आई खाली बांधावर बसून पाखरांना शिव्या घालायची. आमच्याकडं तेव्हा बाईमाणूस नवऱ्याशी चारचौघांत थेट बोलत नसे. नाव घेणं तर लांबच. काही सांगायचं झालं तर ते बैलाला सांगायचं, मांजराला सांगायचं, चुलीला सांगायचं; ज्याला ऐकायचं तो ऐकतो. शेतात आई पाखरांशी बोलायची. "आलाव का रं चोरांनो? जांभळीवरनं आलाव? या, तुमच्या बापाचंच शेत हाय!" तिचा आवाज तीन शेतं पलीकडं जायचा. अलीकडच्या वर्षांत तर तिची ही भांडणं फारच वाढली होती. गावातल्या बाया हसायच्या: म्हातारीला पाखरांशिवाय भांडायला कुणी उरलं नाही.

त्या संध्याकाळी चिमणीच्या उजेडात मी बापुढं पुस्तक उघडलं. घारीची गोष्ट सांगितली.

"घार बघाया?" बा म्हणाला. "गाडी करून?"

"गाडी करून."

"मंग त्यांची कोंबडीची पिल्लं कोण न्हेतं?"

आई चुलीपुढं पदर तोंडाला लावून हसली. बानं पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब केलं. एकेक पान उलटून म्हणायला लागला, "ह्यो हाय आपल्याकडं. ह्यो बी हाय." मला भारी वाटत होतं. मग बर्फाळ मुलखातल्या पांढऱ्या घुबडाचं पान आलं. डोकं मडक्याएवढं, डोळे पिवळेधमक, आपल्याकडं रोखून बघणारे.

"आणि ह्यो बगळा," बा म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. मी हसलो. तो हसला नाही. चुलीकडून आईच मांजराला म्हणाली, "चिमणीचा उजेड तो केवढा, त्यात काय दिसनार? वात काजळलीय." आणि मांजर तिथं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन बांधावर बसलो. आई कळशी घेऊन विहिरीवर गेली होती. बा माळ्यावर, गोफण मांडीवर, मान ताठ. जांभळीकडून थवा आला. चांगला मोठा, वारा घुसल्यासारखा आवाज करत. भातावर एक वळसा घेतला आणि उतरला, जांभळीखाली, माळ्यापासून पन्नास पावलांवर. लोंब्या वाकल्या. बा तसाच बसलेला, तोंड दुसरीकडं.

विहिरीवरून आईनं ते बघितलं. कळशी टाकून धावत आली, आणि धापा टाकत ओरडली, "अरं मुडद्यांनो! जांभळीखाली बसलाव? खालच्या खाचरात? निजल्यावानी बसलाव!"

बा गर्रकन वळला. गोफण फिरली. दगड बरोबर जांभळीखाली, थव्याच्या जरासा पुढं. थवा उठला.

मी पुस्तक मिटलं.

आई कळशी उचलायला परत विहिरीकडं गेली, मी तिच्या मागं. म्हटलं, "आये, बाला दिसत न्हाय."

"दिसतं," ती म्हणाली. "उजेड-अंधार दिसतो. मानूस उभा हाय का झाड, ते कळतं."

"आणि पाखरं?"

"पाखरं मना दिसतात ना." तिनं कळशी कमरेवर घेतली. "तू त्यांना बोलू नको. राखण गेली तर घरात बसंल. घरात बसला का ह्यो मानूस संपला, मी सांगते तुना."

किती वर्षं चाललं होतं हे, ते तिनं सांगितलं नाही. बानं तिला कधी विचारलं नव्हतं आणि तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. ती पाखरांशी भांडायची, तो दगड मारायचा. गावाला वाटायचं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पण मी मास्तर होतो. मी पोरांना डोळ्याची आकृती फळ्यावर काढून शिकवत होतो, भिंग कुठं, पडदा कुठं. जेवताना मी सरळ विषय काढला. "बा, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. दिवाळीनंतर भिवंडीत डोळ्यांचं शिबिर भरतंय. काढून टाकतात. दिसतं परत."

बाचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "राखन व्हतेय ना?"

"व्हतेय."

"पाखरू दाना न्हेतं?"

"न्हाय."

"मंग मना दिसतं." आणि जेवायला लागला. ताट उचलताना एवढंच बोलला, "पल्याडच्या गावात एकाचा डोळा असाच काढला. हाय तेवढा उजेड बी गेला. मना हाय तो उजेड बास."

भीती खरी होती, मी ती उडवून लावली नाही. पण मोतीबिंदू पिकून फार दिवस तसाच राहिला तर डोळाच दुखून जातो, हेही मी ऐकून होतो. म्हणजे ज्या उजेडाला तो जपत होता तोही जाणार होता. हे मी त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तो उठून गोठ्यात गेला. मी सोमवारची पहिली एसटी धरून शाळेत गेलो. पुस्तक तिथंच राहिलं.

पुढच्या शनिवारी गेलो तर शेतातून आवाज नव्हता. मला वाटलं आई आजारी आहे. धावत गेलो. आई बांधावर नेहमीच्या जागी बसली होती, तोंडाला पदर घट्ट लावून. माळ्यावर बा गोफण घेऊन उभा. आणि भातावर पाखरंच पाखरं. नुसता किलबिलाट.

मी तोंड उघडणार, तोच आईनं माझं मनगट धरलं.

बा कान देऊन ऐकत होता. किलबिल चहूकडून येत होती, त्यातून दिशा कळेना. एक दगड मारला, तो आमच्याच बैलाच्या गोठ्यावर वाजला. दुसरा ओढ्यात. पाखरं दोन हात उडून पुन्हा बसली. मग तो थांबला. गोफण खाली सोडली. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बाला आईशी भर उजेडात, शेतात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलताना ऐकलं.

"अगं, बोल की!"

आईनं पदर काढला. तीही थेट त्याच्याकडं बघून बोलली, पाखराकडं नाही, बैलाकडं नाही. "मी रोज हाय का? उंद्या मी मेले तर कोन बोलंल? ह्यो मास्तर येनार हाय का भिवंडीवरनं, आलाव का रं चोरांनो म्हनाया?"

पाखरं दाणे खात होती, ते ऐकू येत होतं. कितीतरी वेळानं तो माळ्यावरून पायानं शिडीची काठी चाचपत खाली उतरला. बांधावर आईपासून जरा अंतर सोडून बसला. म्हणाला, "शिबिर कवा म्हनालास?"

मग आई उठली, आणि सकाळपासून साठलेल्या सगळ्या शिव्या तिनं एका दमात दिल्या. सगळं शेत एकदम उठलं.

शिबिर एका धर्मशाळेच्या दालनात होतं. एका रांगेत खाटा, प्रत्येक खाटेवर डोळ्यांना हिरवी पट्टी बांधलेलं एकेक म्हातारं. तेव्हाचं ऑपरेशन आतासारखं नव्हतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायचे. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. टाक्यावर ताण येतो. बाहेर लूमची खटखट, आत हे सगळे पुतळे.

बा पडल्या पडल्या म्हणाला, "त्या लोकांचं वाच."

मी पुस्तक आणलं होतं. आपल्या बोलीत करून वाचायला लागलो. अमुक तळ्यावर थंडीत जा, वेताच्या बेटात बघ, नशीब असेल तर रातबगळा दिसंल. शेजारच्या खाटांवर चुळबुळ थांबली. लांब गुलाबी पायांच्या शेकाट्याचं वर्णन आलं तेव्हा दापोड्याकडचे एक आगरी आजोबा पट्टीखालून बोलले, "ती तर आमच्या मिठागरात रोज असतात. त्यांना सांग, या. भाकर बी देऊ." मी पुढं वाचलं, हुदहुद, गायबगळा.

"काय रं," बा म्हणाला, "त्यांच्याकडं कावळा हाय का?"

"हाय."

"चिमणी?"

"हाय."

"मंग ठीक हाय. अगदीच गरीब न्हाईत."

सगळी रांग आतल्या आत हलायला लागली. नर्सबाई धावत आली. "मास्तर, तुम्ही शिकलेले ना? ह्यांना हसवताय काय? टाके तुटतील!" माझं वाचन बंद झालं. मग आई कामाला लागली. वरच्या झरोक्यात पारवे बसायचे. ती खाटेच्या पायथ्याशी बसून हळू आवाजात त्यांना म्हणायची, "आलाव का रं? दोघं जोडीनं आलाव? आणि काडी कशाला आनली इथं, हितं काय घर बांधनार?" बाचे ओठ हलायचे नाहीत, पण चेहरा ऐकत असायचा. सगळ्या रांगेला झरोक्यात काय चाललंय ते कळायचं. नर्सबाईनं तिला काही म्हटलं नाही.

भीती मात्र मला तेवढीच होती. पल्याडच्या गावातला तो डोळा माझ्याही मनातून जात नव्हता. मी सांगितलं म्हणून बा तिथं आडवा होता.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या नाकावर तात्पुरता जाड भिंगाचा चष्मा ठेवला. त्यातून बाचे डोळे पुस्तकातल्या घुबडासारखे मोठे दिसले. तो थोडा वेळ कुठंच बघत नव्हता. मग नजर ठरली. समोर आई होती.

बघत राहिला. मग म्हणाला, "केस कवा पिकले गं?"

आईनं झटकन पदर पुढं ओढला, तोंड वर केलं, आणि झरोक्यातल्या पारव्याला म्हणाली, "इचारा ह्यांना, इतक्या वर्सांनी हेच दिसलं का?"

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

एसटी स्टँडकडं चालत जाताना बा रस्त्याच्या मधोमध थांबला. एक हात चष्म्याला, मान वर. कसाईखान्याच्या बाजूला घारी फिरत होत्या. हातगाडीवाला ओरडला, "ओ चाचा, बाजू!" सुताची गाठोडी लादलेला टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. मी बाला कडेला ओढलं, तरी मान वरच.

"एवढी मोठी असती घार?" तो म्हणाला.

भिंगामुळं सगळं मोठं दिसतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "असते."

"त्या लोकांचं बराबर हाय," बा म्हणाला. "गाडी करून यावं अशीच हाय." शेवटची एसटी चुकेल म्हणून आई माझ्याच पिशवीशी भांडत होती, तरी तो हलला नाही. मीही घाई केली नाही.

पुढच्या भादव्यात माळा पुन्हा बांधला. मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो होतो. बा वर, पक्का चष्मा दोरीनं डोक्यामागं बांधलेला. आई बांधावर. जांभळीकडून पहिला थवा आला. आईचं तोंड सवयीनं उघडलं, "आलाव का रं..."

"दिसतंय मना," वरून बा म्हणाला.

आई मांडीवर हात ठेवून बसली. ते हात मला इतके रिकामे कधी दिसले नव्हते.

बानं नेम धरला. गोफण सोडली. दगड थव्याच्या बराच अलीकडं, आमच्या पुढ्यात चिखलात पडला. दुसरा विहिरीत वाजला. त्या जाड भिंगातून थवा हाताला लागेल इतका जवळ दिसत असणार. पाखरं निवांत उतरली.

आई पदराआड हसत होती. बानं चष्मा वर केला, पुसला, पुन्हा लावला.

"दिसतंय," तो म्हणाला, "पर किती लांब हाय त्याचा पत्ता लागत न्हाय. तू बोल."

"कुनाशी बोलू?" आई म्हणाली.

"रोज बोलतीस त्यांच्याशी बोल," बा म्हणाला. "मी ऐकतोय."